नळ बदलायचे किती? एका दरपत्रकाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

दादाच्या घरदुरुस्तीच्या कामाला छापील दरपत्रक करायचं ठरलं. माणसं तीन, तिघेही पगारावर: एक प्लंबर, एक वायरमन, एक सुतार. भाग पुण्यातला: कोथरूड, कर्वेनगर, वारजे, थोडं एरंडवणं. आजवरचा दर म्हणजे फोनवर ज्याने उचलला त्याच्या तोंडाला येईल तो. दादा गाडीवर असला तर घाईत कमी सांगतो, वायरमन उचलतो तेव्हा आधी पत्ता विचारतो आणि पत्त्यावरून आकडा ठरवतो. नव्या टॉवरला एक दर, जुन्या तीन मजली सोसायटीला दुसरा. हे बंद करायचं, एवढाच हेतू लिहून ठेवते.

कच्चा माल म्हणून दादाची वही आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज चाळले. सतत येणारी कामं फार नाहीत. गळका नळ, फ्लशची टाकी, तुंबलेलं बेसिन, पंखा, स्विच, लॅच, न लागणारं दार, पडद्याचा रॉड, भिंतीवर टीव्ही. लोक वैतागतात ते "बघून सांगतो" या उत्तराला. तेव्हा ही नेहमीची कामं ठरीव दराने, बाकीची पाहणीनंतर.

५ जून, बुधवार

मी बरीच वर्षं ठेकेदाराच्या ऑफिसात दरपृथक्करण, म्हणजे कामाच्या दराची फोड, केलंय, त्यामुळे हात आपोआप सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीकडे गेला. पद्धत माहितीची: साहित्य, मजुरी, यंत्रसामग्री, मग वरखर्च आणि नफा. केंद्राच्या बांधकाम विभागाच्या पृथक्करणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतात. ते १५ टक्के इथेही घेते, भांडायला आधार राहतो.

पण दरसूचीच्या मागे एक गृहीत असतं, की माणसं साइटवर सकाळी येणार आणि संध्याकाळी जाणार. शंभर नळ बसवायचे असतील तर तो हिशेब चोख आहे. एका नळासाठी वारज्याहून एरंडवण्याला जाणारा माणूस त्या कागदावर कुठेच नाही.

८ जून, शनिवार

एका कारागिराचा महिन्याचा खर्च मांडला. पगार २४,००० रुपये. पेट्रोल ३,०००. हत्यारं, ड्रिलची बिटं, ब्लेड मिळून १,५००. फोन ५००. सुट्ट्या आणि विमा यांचे १,५००. फोन घेणारा माणूस, गाळ्याचं भाडं यातला वाटा ५,५००. एकूण ३६,०००.

२६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार केला तर तासाला १७३ रुपये. दादा खूश: "म्हणजे आपण आत्ताच जास्त घेतोय की."

मग विचारलं, आठातले किती तास हात प्रत्यक्ष कामाला लागतो? वायरमन हसला. "ताई, साडेचार धरा. बाकी सगळं सिग्नल, लिफ्ट आणि वॉचमनची वही." प्लंबरही तेवढंच म्हणाला. साडेचार गुणिले २६, म्हणजे ११७ तास. ३६,००० भागिले ११७ झाले ३०८ रुपये. वर १५ टक्के, म्हणजे साधारण ३५० रुपये तास. दादा गप्प. मग म्हणाला, "एवढं कोण देतंय?"

हा आकडा तसाच ठेवलाय. बरोबर आहे, पण वापरता येईल असं वाटत नाही.

१२ जून, बुधवार

प्लंबरबरोबर बसले. कामाला वेळ किती लागतो हे विचारलं की प्रत्येक उत्तरामागे एक "पण" येतो, आणि खरा दर त्या "पण"मध्येच असतो.

नळ बदलणे: जुना नळ सरळ निघाला तर वीस मिनिटं, टेफ्लॉन टेप गुंडाळण्यासकट. पण जुन्या इमारतींतली जीआय लाइन (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) असेल तर नळाबरोबर गंजलेला निपल, म्हणजे नळ लाइनला जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा, भिंतीतच तुटतो. मग तो तुकडा काढणं, प्रसंगी टाइल फोडणं. अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि घरातली मंडळी "तुमच्यामुळे तुटला" म्हणून उभी. यावर उपाय दरात नाही, अटीत आहे: नळ फिरवण्याआधी सांगायचं की लाइन जीआयची आहे, निपल तुटला तर पुढचं काम वेगळं. हे वाक्य यादीत छापायचं आणि कारागिराने तोंडानेही म्हणायचं.

पाणी बंद करण्याचा वेळ कुणी धरतच नाही. फ्लॅटचा स्वतःचा व्हॉल्व्ह चालू असेल तर ठीक. अनेक ठिकाणी तो वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम झालेला असतो, मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह, त्यासाठी वॉचमन, वॉचमनला सेक्रेटरींची परवानगी. फ्लशच्या टाकीचं किट बदलायला हात वीस मिनिटंच चालतो, पण दर चाळीस मिनिटांचा धरला तो यासाठी.

बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची इमारत असेल तर क्षार. नळाची जाळी, शॉवरची भोकं, गीझरचं एलिमेंट, सगळीकडे पांढरा थर. शॉवर "खराब" म्हणून बोलावतात आणि तो फक्त साफ करायचा असतो. साफ करण्याचेही पैसे घ्यायचे का, यावर प्लंबर म्हणाला, "न घेतले तर मला नवीन शॉवर विकावासा वाटेल." पटलं. साफसफाई यादीत, नवा बसवण्याइतक्याच दराने.

१८ जून, मंगळवार

वायरमन. पंखा बसवणे, जुना हूक शाबूत असेल तर अर्धा तास. हूकच नसेल तर स्लॅबमध्ये फास्टनर, ते वेगळं काम. छत दहा फुटांपेक्षा उंच असेल तर घरातल्या स्टुलावर चढायचं नाही, आपली शिडी न्यायची, आणि तिचे पैसे. पंखा हळू फिरतो अशी तक्रार आली की बहुतेकदा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उतरलेला असतो. वस्तू शंभर रुपयांच्या आतली, काम दहा मिनिटांचं. गिऱ्हाइकाला नेमका याच कामाचा दर सर्वांत जास्त खुपणार.

फॉल्ट शोधण्याला ठरीव दर देता येत नाही. एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडतोय, का पडतोय? सापडायला तास, दुरुस्तीला दोन मिनिटं. म्हणून "फॉल्ट शोधणे" हे वेगळं काम, वेळेवर. सापडल्यावर पुढे काय करायचं ते गिऱ्हाइकाने ठरवावं.

कायद्याची बाजू: विद्युत सुरक्षेच्या नियमांप्रमाणे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं यांची अदलाबदल, तीही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी, एवढीच बिनपरवाना चालते. त्यापलीकडचं काम परवानाधारक ठेकेदाराचं. तेव्हा नवा पॉइंट ओढणं, भार वाढवणं यादीत नाही. दादाच्या ओळखीचे परवानाधारक आहेत, नंबर द्यायचा आणि बाजूला व्हायचं. याच ओळीत आणखी एक घातलं: ६ ॲम्पिअरच्या प्लगवर गीझर जोडून मिळणार नाही. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ ॲम्पिअर ओढतो. "तात्पुरता जोडून द्या हो" म्हणणारे महिन्याला भेटतातच म्हणे.

२४ जून, सोमवार

सुतारकाका. यांच्याकडून खरं शिकायला मिळालं.

पाऊस सुरू झाला की दारं अडकल्याचे फोन वाढतात. लाकूड हवेतला ओलावा घेऊन रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाही, म्हणून दार लॅचच्या बाजूने घासतं. सगळ्यांना रंधा मारून मोकळं करून हवं असतं. काका म्हणाले, "आत्ता पोटभर रंधा मारला तर थंडीत दाराला बोटभर फट. मग तेच लोक पट्टी ठोकायला बोलावतात." ते आधी बिजागऱ्यांचे स्क्रू बघतात, सैल असतील तर आवळतात. कित्येकदा दार फुगलेलं नसतंच, लोंबलेलं असतं. मग घासलेल्या जागेपुरता हलका हात, आणि उघड्या पडलेल्या कडेला पॉलिश किंवा वॉर्निश, नाहीतर तिथूनच पुन्हा ओल शिरते.

आता याचा दर काय? कमी काम करून दार नीट ठेवणाऱ्या माणसाला वेळेच्या हिशेबाने कमी पैसे, आणि बेदम रंधा मारणाऱ्याला जास्त, हे उलटंच झालं. ठरवलं: दाराचं काम एकाच दराने, त्यात दिवाळीनंतर एक फेरी फुकट. काकांना आवडलं. दादाला नाही, कारण फुकट फेरी लोक मागतीलच. मागू देत, त्या फेरीचा अंदाजाने अर्धा खर्च दरात घालते. अर्धे लोक विसरतील.

किचन ट्रॉलीच्या आणि कपाटाच्या बिजागऱ्या: पार्टिकल बोर्डमधलं स्क्रूचं भोक एकदा फाटलं की नवीन स्क्रू धरत नाही. भोक लाकडी खुंटी आणि गोंदाने बुजवून वाळू द्यायचं किंवा बिजागरी सरकवायची. "फक्त स्क्रू आवळायचाय" असं सांगून येणारं हे काम, म्हणून दोन ओळी: आवळणे, आणि भोक बुजवून बसवणे.

१ जुलै, सोमवार

दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, अर्धी कामं पुढे ढकलली, माणसं तिघेही दर्शनाला. मी आकडे घेऊन बसले.

३५० रुपये तास हा दर का वापरता येत नाही ते आज नीट मांडता आलं. वीस मिनिटांच्या नळाला ३५० च्या हिशेबाने ११७ रुपये मिळतात, त्यात नुकसान. तीन तासांच्या कामाला १,०५० होतात, आणि तिथे कुणीतरी आठशेत करून देतो. म्हणजे लहान कामात आपण मरतो आणि मोठं काम हातचं जातं.

तोच खर्च दोन भागांत तोडला. महिन्याचे ३६,००० अधिक १५ टक्के, ४१,४००. भागिले सगळे २०८ तास, तासाला १९९. कामाबाहेर जातात ९१ तास, त्यांचे सुमारे १८,१००. रोज चार घरं धरली तर महिन्याला १०४ घरं. एका घरी जाण्याचा खर्च १७४ रुपये.

म्हणजे दर असा: येण्याचे १७५, आणि हात चालू असतानाचे तासाला २००.

आता नळ १७५ अधिक ६७, म्हणजे २४२. तीन तासांचं काम ७७५. आणि त्याच घरातला दुसरा नळ? त्याला येणं नाही, फक्त हात. ६७, म्हणू १००. हे दादाला फोनवर वाचून दाखवलं तर त्याने दोनदा वाचायला लावलं.

८ जुलै, सोमवार

साहित्य कुणी आणायचं? विजेचं सामान बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीत, तिथला भाव आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला भाव यांत फरक. छापील किमतीवर दुकानदार कारागिराला सूट देतो, ती बहुतेक ठिकाणी कारागिराच्या खिशात जाते. गिऱ्हाइकालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो वस्तू स्वतः ऑनलाइन मागवतो. मग नळाचा आटा भिंतीत पोचत नाही, एक्स्टेन्शन निपल आणायला पुन्हा दुकान.

तात्पुरतं असं: वस्तूचं बिल आहे तसं, वर हाताळणीचे १० टक्के. गिऱ्हाइकाने आणलेली वस्तू असेल तर कामाची हमी ३० दिवस, वस्तूची नाही.

१० टक्क्यांत एक खोट दिसतेय. महाग नळ आणला की आपले जास्त. पुन्हा बघू.

१५ जुलै, सोमवार

पहिला मसुदा. साहित्य सोडून, येणं धरून:

नळ किंवा अँगल कॉक बदलणे २५०, त्याच फेरीत पुढचा प्रत्येकी १००. फ्लशच्या टाकीचं किट ३५०. बेसिन तुंबलेलं, बॉटल ट्रॅप उघडून साफ करणे ३००. भिंतीच्या आत अडकलं असेल तर पाहणीनंतर. पंखा जुन्या हुकावर ३००, कपॅसिटर २५०. स्विच किंवा सॉकेट पहिला २५०, पुढचे ५०. लॅच बदलणे ४००, दाराला खाच पाडून नवं मॉर्टाइज कुलूप ७००. अडकणारं दार ४५०, दिवाळीनंतरच्या फेरीसह. पडद्याचा रॉड पहिली खिडकी ३००, पुढची १२०. काम न करता नुसती पाहणी २००. काम दिलं तर ते त्यात वळते.

टीव्हीवर वाद झाला. दादाचं म्हणणं इंचावर दर लावू. वायरमन म्हणाला इंच नंतर, आधी भिंत विचारा. विटेची भिंत सोपी. नव्या टॉवरमध्ये मायवान शटरिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती, सगळं काँक्रीट. हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही आणि मध्ये सळई लागली की बिट गेलं. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत याच्या उलट, भोक सहज पडतं पण साधा रावल प्लग (स्क्रू धरायला भोकात ठोकायची गुट्टी) धरत नाही, लांब नायलॉनचे लागतात. ४३ इंचांपर्यंत विटेवर ४५०, काँक्रीटवर ५५०, ब्लॉकवर ५०० अधिक प्लग. ५५ आणि त्यावर दोन माणसं, ८००.

२५ जुलै, गुरुवार

खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्याच्या बाजूला एकता नगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरलं. तो भाग आपल्या यादीबाहेरचा, तरी फोन आले: भिजलेले बोर्ड, पार्किंगमधले पंप.

रात्री आठनंतर आणि रविवारी २०० जादा, असं मसुद्यात आहे. आज काय लावायचं? वायरमनच म्हणाला, "आज जादा लावलं तर उद्या त्या रस्त्याने तोंड घेऊन जाता यायचं नाही." यादीत तसं लिहिलं: शहरावर आपत्ती असताना जादा आकार नाही. दुसरी ओळ सुरक्षेची: मीटर खोलीत पाणी गेलेलं असेल तर महावितरणने तपासून सांगेपर्यंत आत हात लावणार नाही, पैसे कितीही देऊ केले तरी. पंपाची मोटर वाळवून बघणं हे मोटरवाल्याचं काम, त्याचा नंबर द्यायचा.

३ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर फोनवर नवे दर सांगतोय. टीव्ही, कुलूप, दार यांवर कुणी हूं का चूं करत नाही. कपॅसिटरवर सगळे. "दहा मिनिटांच्या कामाला अडीचशे?" एका काकूंनी तर घड्याळ लावून मोजलं आणि सात मिनिटं झाली म्हणून कळवलं.

समजावून सांगण्यापेक्षा प्रश्न विचारलेला बरा पडतो, असं फोनवरच्या मुलीने शोधून काढलं: "काकू, आणखी काही आहे का घरात? आलोच आहोत तर पुढचं काम पन्नास-शंभरात होईल." काकूंकडे दोन स्विच आणि एक सैल कडी निघाली. एकूण बिल साडेचारशे, आणि घड्याळाचा विषय संपला. हे वाक्य आता सगळ्या फोनना.

दादाला जुन्या गिऱ्हाइकांना सूट हवीय. पंधरा वर्षांचे संबंध वगैरे. मी नाही म्हटलं. सूट एकदा माणूस बघून द्यायला लागलो की जिथून निघालो तिथेच पोचू. मधला मार्ग निघाला: कामं साठवून सांगितली तर आपोआप स्वस्त, मग जुने असोत की नवे. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर बल्ब, सेल, घड्याळ असलं किरकोळ काम त्याच फेरीत बिनपैशाचं. यावर तिघांचंही एकमत होतं, ते आधीपासून करतच होते.

१२ ऑगस्ट, सोमवार

जीएसटी. तीन कारागिरांची मजुरी महिन्याला ४१,४०० च्या हिशेबाने वर्षाला १४,९०,४०० रुपये. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख. साहित्य आपल्या बिलात धरलं की उलाढाल सहज वर जाते, आणि मग दुरुस्तीवर १८ टक्के. अडीचशेचा नळ २९५ चा.

सीएंनी सुचवलं आणि माझ्याही मनात होतं: साहित्याचं बिल दुकानाने थेट गिऱ्हाइकाच्या नावाने करावं. आपण आणून देण्याचे ठरीव १०० घ्यावेत, नळ तीनशेचा असो की तीन हजारांचा. ८ जुलैची १० टक्क्यांची खोटही याने गेली. कारागिराने दुकानातून काही घ्यायचं नाही, हे मात्र कागदावर लिहून होत नाही. त्यासाठी दादाने पगारात महिन्याला हजार वाढवायचं कबूल केलं. म्हणजे खर्च ३७,०००, येण्याचे १७५ चे १७९, तासाचे २०५. आत्ताच्या गोळाबेरजेत मावतंय, दर हलवत नाही.

चौथा माणूस घेतला की २० लाखांचा प्रश्न पुन्हा येणार. तेव्हा बघू म्हणायला दादा तयार, मी नाही. डिसेंबरात पुन्हा आकडे मांडणार.

२ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी गणपती. आठवडाभर फोकस, माळा, एक्स्टेन्शन बोर्ड, पाहुणे यायच्या आधी फ्लश. गर्दीतही दर तोच, फक्त वेळ मिळेल ती घ्यावी लागेल एवढं सांगतोय. मंडळांची मांडवातली जोडणी घ्यायची नाही, ती परवानाधारकांची. वायरमन स्वतःच्या मंडळाचा कार्यकर्ता, त्याला हे सांगणं जड गेलं.

यादीची शेवटची तपासणी. प्रत्येक कामापुढे दोन रकाने: दर, आणि "यात काय नाही". दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झालाय. छापणारा म्हणाला अक्षर बारीक करू. नको म्हटलं, कामं कमी केली. एसी, वॉटर प्युरिफायर, रंगकाम काढलं. पहिल्या दोन्हींना कंपनीची माणसं असतात, रंग चौरस फुटावर चालतो आणि त्याचं गणितच वेगळं.

३ सप्टेंबर, मंगळवार

छापायला देता देता वायरमनचा फोन. बावधनला टीव्ही लावायला गेला तर भिंत जिप्समच्या पार्टिशनची, मागे पोकळ. असल्या भिंतीचा आपण विचारच केलेला नाही. टीव्हीच्या ओळीत भर: "जिप्सम किंवा प्लायच्या भिंतीवर आतला सांगाडा सापडला तरच, न सापडल्यास फक्त पाहणीचे २००." कागदाची ती ओळ आता दोन ओळींत गेली. शंभर प्रती सांगितल्यात, व्हॉट्सॲपवर उद्या सकाळी.